न खाकरता काढलेला फोटो

पिंपळवंडी स्टँडवर उतरून साधना फोटो स्टुडिओ कुठाय म्हणून विचारलंत, तर सांगणारा आधी घसा साफ करील, मग हसेल आणि मग बोट दाखवील. नव्या माणसाला वाटतं, थट्टा चाललीय. चाललेलीच असते. स्टुडिओचा मालक गोकुळ हा खाकरल्याशिवाय कुणाचाच फोटो काढत नाही. माणसाचा नाही, म्हशीचा नाही आणि उसातल्या वाघाचाही नाही. लग्नात नवरा-नवरी हार घेऊन उभी राहतात, गोकुळ क्यामेरा डोळ्याला लावतो आणि आधी घशातून एक 'अंऽहं' काढतो. की वऱ्हाडातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "गोकुळभाऊला सुंठ द्या रं कुणीतरी."

हे त्याच्या बापाचं देणं. बाप भिमाजी सायकलला किटल्या अडकवून वाड्यावस्त्यांवर दूध घालायचा. पहाटेची वेळ, बायाबापड्या अंगणात न्हातधूत असायच्या. भिमाजीचा नेम असा, की खाकरल्याबिगर परक्याच्या अंगणात पाय टाकायचा नाही. समोरच्याला पदर सावरायला, उठून बसायला, नको असेल तर आत जायला सवड द्यायची. गोकुळनं दूध घातलं नाही, पण हा नेम उचलला.

दहावीत गणितानं दगा दिला. मग नारायणगावात एका फोटोवाल्याकडं सात वर्षं काढली, रोल धुण्यापासून संगणकावर मयताच्या अंगावर कोट चढवण्यापर्यंत सगळं शिकला, आणि लग्न झाल्यावर स्टँडवर गाळा घेतला. बोर्डावर बायकोचं नाव टाकलं. साधना म्हणाली, "माजं नाव बोर्डावर आन मी गोठ्यात." ते काही खोटं नव्हतं. दाखल्याचे फोटो, लग्नं, जागरण-गोंधळ, मयताचा शेवटचा फोटो, यावर संसार चालला. मयतापुढंही गोकुळ खाकरायचा. एकदा आळे गावात मयताचा भाऊ चिडला, तर गोकुळ शांतपणे म्हणाला, "मी आलोय हे त्यांलाबी कळू दे." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

सोमवारी स्टुडिओ बंद. सोमवारी बेल्ह्याचा बाजार. बैलांच्या दावणीत, शेळ्यांच्या कळपात, भेळेच्या गाड्यांपाशी गोकुळ दिवसभर हिंडायचा. शहरातली माणसं याला स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात, हा नुसता 'बाजार' म्हणायचा. त्याची रीत ठरलेली. पुढ्यात जायचं, खाकरायचं, रामराम घालायचा, नाव-गाव सांगायचं, आणि मग गप उभं राहायचं. माणूस आधी सावरून बसतो, टोपी नीट करतो, दात काढतो. तो फोटो गोकुळ काढतच नाही. थोड्या वेळानं माणूस याला विसरत नाही, पण सोसायला लागतो, आपल्या कामाला हात घालतो. तेव्हा बटण दाबायचं. आणि पुढच्या सोमवारी त्याच्या हातात फोटो द्यायचा. आण्याच्या पठारापर्यंत असं एक घर सापडणार नाही, जिथं गोकुळनं दिलेला फोटो भिंतीवर नाही.

आता वाघाचं. पुस्तकात त्याला बिबट्या म्हणतात. आम्ही वाघच म्हणतो. ज्याच्या दारातून शेळी गेली त्याला वाघ आणि बिबट्यातला फरक शिकवायला जाऊ नये. उसाच्या कडेनं जाताना आमच्याकडं सगळेच खाकरतात, मोबाईलवर गाणी लावतात, उगाच मोठ्यानं बोलतात, का तर वाघानं ऐकावं आणि बाजूला व्हावं. गोकुळचं खाकरणं निराळं. वाघानं ऐकावं, आणि काय करायचं ते त्यानं ठरवावं. दहा वेळा वाघ निघून जातो. अकराव्यांदा थांबतो, मान वळवतो आणि सरळ तुमच्याकडं बघतो. गोकुळच्या पेटीत वाघाचे असे चाळीसेक फोटो आहेत आणि प्रत्येकात वाघ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो. बाहेरचे फोटोवाले म्हणायचे, अहो, तुम्ही तर जनावर हाकलता. हा म्हणायचा, "न सांगता काढलेला फोटो म्हंजी भिंतीआडून ऐकलेलं बोलणं. खरं आसंल, पन आपलं न्हाई."

त्या चाळीसातले तीस फोटो एकाच मादीचे. कॅनॉलकडेच्या उसात ती चार वर्षं राहिली, दोन वेळा व्याली, पण कुणाच्या अंगणाला तिनं पाय लावला नाही. तिला नाव दिलं होतं धोंडाबाईनं. धोंडाबाई म्हणजे कॅनॉलच्या वस्तीवर एकटी राहणारी पासष्टीची म्हातारी. नवरा गेलेला, लेक आणे गावात दिलेली. ती म्हणायची, "मांजर वाघाची मावशी, आन माजी मनी दारातच हाय. मग ही मनीची भाचीच की." तेव्हापासून वस्तीवर वाघिणीचं नाव भाची.

धोंडाबाईच्या सोबतीला एक कुत्रा होता. त्याचं नाव सरपंच. दिवसभर ओट्यावर बसून असायचा, काम काही करायचा नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकायचा, म्हणून सरपंच. पण अंधार पडला की तो जागा. तो भुंकायचा, भाची कॅनॉलच्या पलीकडून निघून जायची, म्हातारी निवांत झोपायची. जुन्या लुगड्याचा हिरवा-तांबडा काठ पिळून धोंडाबाईनं त्याला दोर केला होता. त्या दोरानं त्याला धरून ती बेल्ह्याच्या बाजारात यायची, तेव्हा लोक रस्ता सोडायचे. गोकुळनं दोघांचा फोटो काढलेला आहे. म्हातारी दोर ओढतेय आणि सरपंच हलायला तयार नाही.

अशी सगळी घडी बसलेली होती. आणि मग दोन वर्षांमागं पौषात ऋतिक आला.

पुण्याचा पोरगा, तिशीचा, गोड बोलणारा, हातात मुसळाएवढी लेन्स. कुठंतरी गोकुळचे फोटो बघून शोधत आला. तीन आठवडे गोकुळच्या घरी राहिला. साधनाच्या हातची मासवडी खाऊन "काकू, तुम्ही पुण्यात हॉटेल काढा" म्हणायचा. गोकुळला काका म्हणायचा, बाजारात मागं मागं हिंडायचा, वहीत टिपून घ्यायचा. गोकुळला पोरबाळ नाही. काका म्हटलं की माणूस विरघळतो, तो विरघळला. चार वर्षांत कुणाला दाखवल्या नव्हत्या त्या भाचीच्या वाटा त्यानं त्या पोराला पायानं चालून दाखवल्या.

पण ऋतिकला हवा तो फोटो मिळेना. "काका, ती नुसती बघते हो. मला ती झेप घेताना पाहिजे. शिकार करताना."

"शिकार करताना ती कामात आसती," गोकुळ म्हणाला. "कामातल्या बाईला हाक मारू न्हाई, आन चोरून बगू बी न्हाई."

पोरानं ते वहीत लिहून घेतलं.

माघात गोकुळला आळ्याचं तीन दिवसांचं लग्न आलं. जाण्याआधी तो ऋतिकला घेऊन धोंडाबाईकडं गेला आणि म्हणाला, "काकी, मी न्हाई तंवर ह्ये पाहुणं हितं हिंडत्याल. आपलंच मानूस समजा. काय मागितलं तर द्या." एवढंच. आपण काय गहाण टाकतोय हे तेव्हा त्याला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो परत आला तर ऋतिक पुण्याला गेलेला, आणि धोंडाबाई ओट्यावर डोक्याला हात लावून बसलेली. सरपंच सुटला म्हणाली. नारायणगावात कुत्र्यांना सुई टोचायचं शिबिर होतं, पाहुणा म्हणाला मी जीपमधून नेऊन आणतो, गोकुळकाकांनीच सांगितलंय. तिनं दोर दिला. संध्याकाळी पाहुणा रिकामा आला. हिसडा देऊन पळाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या पहिल्या एसटीनं म्हातारी नारायणगावला गेली, गल्लोगल्ली विचारत फिरली आणि उन्हं कलताना चालत घरी आली.

गोकुळनं ऋतिकला फोन केला. "सॉरी काका, फार वाईट वाटतंय मला," तो म्हणाला. गोकुळला वाटलं, चुकून झालं असेल. पाहुण्यावर संशय कोण घेतो?

सरपंच गेल्यावर आठ दिवसांत भाची अंगणात आली. धोंडाबाईच्या कोंबड्या नेल्या. मग शेजारच्या गोठ्यातलं वासरू. मग एकदा संध्याकाळी दिवेलागणीला चक्क ओट्यावर येऊन बसली, म्हातारी आत, वाघीण बाहेर, मध्ये एक पत्र्याचं दार. चार वर्षं जिनं कुणाच्या अंगणात पाय टाकला नाही ती अशी का सोकावली, कुणाला कळेना. वस्ती बिथरली. वनखात्याच्या माणसांनी पिंजरा लावला आणि तिसऱ्या दिवशी ती सापडली. सकाळी सगळा गाव बघायला. पिंजऱ्याच्या गजांवर तोंड आपटून तिनं नाक फोडून घेतलं होतं. गोकुळ क्यामेरा घेऊन गेला खरा, पण पिशवीतून बाहेर काढू शकला नाही. भाचीला गाडीत घालून नेली ती नेलीच.

मग लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? गोकुळच्या फोटोपायी वाघाला माणसाची सवय झाली, असं बोललं जाऊ लागलं. चावडीवर एकानं त्याच्या तोंडावरच सुनावलं. तेव्हा धोंडाबाई उभी राहिली आणि म्हणाली, "गोकुळ तसा न्हाई. माज्या समोर वाढलाय तो." सगळं गेलेली म्हातारी त्याच्यासाठी भांडली. गोकुळ त्या दिवशी जेवला नाही.

आषाढात कुरिअरनं एक भलीमोठी चौकट आली. ऋतिकच्या फोटोला पुण्यातल्या कुठल्याशा स्पर्धेत पहिला नंबर मिळाला होता. त्याचीच मोठी प्रत त्यानं गुरुदक्षिणा म्हणून पाठवली होती. उगवतीचं कोवळं ऊन, मागं उसाची भिंत आणि हवेत भाची. चारी पाय जमिनीच्या वर. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण. त्यात लिहिलेलं, की या एका क्षणासाठी छायाचित्रकार सतरा दिवस श्वास रोखून बसला होता.

गोकुळ आधी खुश झाला, हे सांगायला हवं. पोरानं नाव काढलं म्हणाला. साधनाला हाका मारून दाखवला. मग त्यानं चौकट भिंतीला टेकवली आणि बघत बसला, आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. वाघीण कुठं बघतेय? चार वर्षं तो त्या डोळ्यांना ओळखत होता. ती फोटोवाल्याकडं बघत नव्हती, उसाकडं बघत नव्हती. ती खाली, डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोन हातांवर बघत होती, आणि तिथं फोटो संपत होता. म्हणजे तिथं जे होतं ते कापून टाकलेलं होतं. पण कापणाऱ्यानं घाई केली होती. कडेच्या बाभळीच्या बुडाशी, गवतात, बोटभर लांबीचं काहीतरी राहून गेलं होतं. गोकुळनं भिंग आणलं. हिरवा-तांबडा पीळ. लुगड्याचा काठ.

त्यानं पेटीतून बाजारातला तो फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. साधनानं भिंग हातात घेतलं आणि दोन्ही दोर ताडून बघितले.

सरपंच सुटलाच नव्हता. त्याला बाभळीला बांधला होता, आणि भाचीला म्हातारीच्या उंबऱ्याची वाट दाखवली होती ती त्या दोरानं. फुकट शिकार मिळाली त्या जागेपासून शंभर पावलांवर अंगण. मग ती सोकावणार नाही तर काय करणार?

"आत्ता फोन लावा आन शिव्या घाला," साधना म्हणाली. "मोकळं व्हा."

"शिव्या पुन्याला पोचत न्हाईत," गोकुळ म्हणाला.

त्यानं फोन उचलला आणि ऋतिकला मेसेज पाठवला, फोटो पोचला, लई भारी. आणि डूख धरला. साप धरतो तसा. आजवर ज्यानं कुणाचं वाकडं चिंतलं नव्हतं तो माणूस दाखल्याचे फोटो कापता कापता मनात एकच गोष्ट घोळवायला लागला. त्या पोराला त्याच बाभळीखाली बसवायचा. कुत्र्याला काय वाटलं ते त्याला कळलं पाहिजे. केसानं गळा कापणाऱ्याला केसाचीच धार दाखवायची.

धोंडाबाईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. तिच्या वस्तीवर जायचं टाळू लागला. साधनानं विचारलं तर म्हणाला, "नुसतं सांगून काय उपेग? हातात काय तरी घेऊन जाईन." खरी गोष्ट ही, की तिच्यासमोर उभं राहायला त्याला हातात काहीतरी लागणार होतं.

वाघाची जागा रिकामी राहत नाही. ओळखीचा गेला की अनोळखी येतो. दिवाळीच्या सुमाराला भाचीच्या उसात एक नर येऊन राहिला, दांडगा, तरणा, कुणाच्या खाकरण्याची सवय नसलेला. गोकुळनं त्याचे ठसे बघितले, दोन संध्याकाळी त्याला बाभळीमागं उसाच्या कडेला बाहेर येताना बघितलं. आणि घरी येऊन फोन लावला.

"पाहुनं, नवा नर आलाय. लई देखना. दिस मावळायच्या टायमाला भाईर येतो. या म्हनलं."

ऋतिक दुसऱ्याच दिवशी हजर. साधनानं त्याला चहा दिला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. चार वाजता दोघं कॅनॉलवर गेले. गोकुळनं त्याला बाभळीखाली नेऊन बसवला. पोरगं क्षणभर घुटमळलं, ती जागा त्याच्या ओळखीचीच होती. पण हाव मोठी असते, बसलं.

"मोबाईल माज्याकडं द्या, उजेड पडतो. जीपची चावी बी द्या, मी जीप लांब लावतो. मी येतो तंवर हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

"काका, तुम्ही कुठं असाल?"

"हितंच."

गोकुळनं जीप लांब नेऊन लावली, चालत परत आला आणि कॅनॉलच्या मोटरच्या खोलीमागं बसला. बाभूळ तिथून साठ-सत्तर पावलांवर. क्यामेरा मांडीवर. सूर्य हटकेश्वराच्या डोंगराकडं उतरायला लागला. साडेपाच झाले, पावणेसहा. उसात वारा नव्हता. पोरगं आधी लेन्स लावून ऐटीत बसलं होतं. मग इकडंतिकडं बघायला लागलं. मग हळूच, "काका?" गोकुळ गप्प. पुन्हा जरा मोठ्यानं, "काका, आहात ना?" गोकुळ गप्प. त्याला खूप बरं वाटत होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा छातीवरची धोंड हलली होती.

उजेड तांबूस होत आला तेव्हा मागचा ऊस हलला. ऋतिकनं आवाज ऐकला आणि तो थिजला. वळून बघायची हिंमत होईना. गोकुळला मात्र सगळं दिसत होतं. ऊस दुभंगला आणि नर बाहेर आला. पोराच्या पाठीमागं, वीस पावलांवर. उभा राहिला. डोकं खाली घातलं.

इथं खाकरायला हवं होतं. गोकुळच्या घशात ते आलेलंही होतं. बापाच्या सायकलीपासून अंगात मुरलेली गोष्ट, ती आपोआप येते. त्यानं ती गिळली आणि क्यामेरा डोळ्याला लावला. पोराचा चेहरा पांढरा, तोंड उघडं, डोळे मोठे, आणि खांद्यामागं धूसर वाघ. एक काढला. दुसरा काढला. नर दोन पावलं पुढं आला. तिसरा काढला. आणि मग, अगदी मग, तो खाकरला. नर दचकला, क्षणभर थांबला आणि उसात गेला.

गोकुळ बाभळीपाशी चालत गेला. पोरगं गुडघ्यात डोकं घालून रडत होतं, पँट ओली झाली होती. विचारायची गरजच पडली नाही. "काका, मी कुत्र्याचं... माझी चूक झाली. रात्रभर जीपमध्ये ठेवला होता त्याला. सकाळी बांधला. मला वाटलं, एक कुत्रंच तर आहे."

"त्याचं नाव सरपंच व्हतं," गोकुळ म्हणाला. चावी आणि मोबाईल त्याच्या पुढ्यात टाकला. "पुन्ना कॅनॉलच्या ह्या अंगाला दिसू नगंस."

सूड पुरा झाला. घरी येऊन तो पोटभर जेवला. सकाळी फोटो मोठा करून छापला. आयुष्यात काढलेला सगळ्यात भारी फोटो तो, हे त्याला कळत होतं. भीती अशी कुणी पकडली नव्हती. साधनानं तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि पालथा ठेवला.

"ह्यो धोंडाकाकीला दावू नगा."

"तिच्यासाठीच काढलाय."

"अवो, तुमी तिच्यासाठी काढला न्हाई," साधना म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

उन्हं कलल्यावर गोकुळ वस्तीवर गेला. धोंडाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. खूप दिवसांनी आलास म्हणाली. त्यानं फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. दोर, बाभूळ, जीपमधली रात्र, कापलेला कोपरा, आणि कालची संध्याकाळ. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. त्याला वाटलं होतं, म्हातारी रडेल, त्या पोराला शिव्या घालील, बरं केलंस म्हणेल.

धोंडाबाईनं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"मी नारायनगावात फिरत व्हते तवा तो हितं व्हता," ती म्हणाली.

"व्हय काकी."

"आन ह्यात वाग किती लांब हाय?"

"ईस पावलं."

"तुला दिसत व्हता?"

"दिसत व्हता."

"तरी फोटू काढलास."

गोकुळनं मान खाली घातली.

"गोकुळ, मी त्या पोराला वळकत न्हवते. कुटला कोन, त्याच्या हातात मी दोर कशाला दिला आसता? त्यो म्हनला, गोकुळकाकानं सांगितलंय. मी दोर तुज्या नावाला दिला." तिनं फोटो त्याच्या हातात परत दिला. "त्याला तू बसवलास. बरं केलंस. पन सरपंच नेला तुज्या शबुदानं. तुला कोन बसवनार?"

गोकुळनं फोटो पालथा केला आणि गळ्यातला क्यामेरा सावरला.

"क्यामेरा ठेव हितं," धोंडाबाई म्हणाली. "आन जा. बस तिथं बाबळीखाली."

"दिस मावळंपातूर?"

"मी हाक मारंपातूर."

त्यानं क्यामेरा ओट्यावर ठेवला. चप्पल घातली आणि बांधावरून चालत गेला. बाभळीच्या बुडाशी पाठ लावून, उसाकडं पाठ करून बसला. ओट्यावरून तो तिला दिसत होता. तिनं उरलेला लसूण सोलला, टरफलं गोळा केली, चूल पेटवली. कॅनॉलचं पाणी तांबडं झालं, मग काळं. मग तिनं क्यामेरा उचलून आत घेतला आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं.